फाटकापर्यंतची दगडी वाट

बबनआप्पा माणसाच्या तोंडाकडे फार उशिरा बघायचे. आधी पाय. मी दौंडला त्यांच्या शेजारी राहायला गेले तेव्हा कितीतरी दिवस त्यांना माझं नाव ठाऊक नव्हतं, पण माझ्या उजव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूनं झिजते हे ठाऊक होतं. एकदा मी भाजीची पिशवी घेऊन येत होते, तर हे आपल्या फाटकाआडून म्हणाले, "बाई, तुम्ही एका अंगानं कलताय. चप्पल बदला, न्हाईतर कंबर बदलावी लागंल."

ही आमची ओळख. मी शाळेत शिकवायचे म्हणून सगळ्या गल्लीची 'बाई' होते, आणि आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले कीमन. रुळांना जखडून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्यात का, हे बघत खांद्यावर हातोडा टाकून रोज आपल्या हद्दीतली लाइन पायी चालायची, हे त्यांचं काम. उभी हयात त्यांनी जमिनीकडे बघत काढली. आभाळात विमान दिसलं म्हणून गल्लीतली पोरं ओरडायची तेव्हा आप्पा पोरांचे अनवाणी पाय बघायचे आणि काच पडली असेल म्हणून रागवायचे.

चालायचे ते रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरून स्लीपरवर. नोकरी सुटली, तरी पायाला ती सवय राहिली होती. डांबरी रस्ता असो, बाजार असो, कुणाच्या लग्नाचा मांडव असो, आप्पांचं पाऊल ठरलेल्या अंतरावरच पडायचं, ना एक बोट पुढं, ना एक बोट मागं. लांबून नुसती चाल पाहून ओळखावं असा माणूस. त्यांच्या मागून मालनमावशी, त्यांची बायको. त्यांच्या दोन पावलांत मावशींची तीन बसायची, त्यामुळे त्या बिचाऱ्या कायम अर्धवट पळत असायच्या. मधूनच आप्पा मागं न बघता म्हणायचे, "मालन, पाय उचल." आणि मावशी आणखी पळायच्या. दोघांची ही वरात गेली की आम्ही बायका पदराआड हसायचो. मावशीही हसायच्या.

आप्पांची दुसरी खोड म्हणजे वाजवून बघणे. कलिंगड, माठ, दाराची चौकट, काय वाटेल ते. हातोडा नसला तर बोटाच्या पेरानं. मग मान तिरकी करून ऐकायचं. मी घर भाड्यानं घेतलं त्या आठवड्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातली भिंत वाजवली आणि "पोकळ" असा निकाल दिला. घरमालक महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

आणि गाडी आली की उठायचं. त्यांच्या अंगणातून लाइन दिसायची. कुठलीही गाडी असो, पुण्याची डेमू असो की लांबलचक मालगाडी, आप्पा हातातलं काम टाकून गाडीकडे तोंड करून उभे राहायचे. जेवताना हातात घास असला तरी. काही लोंबतंय का, कुठं धूर निघतोय का, शेवटचा डबा आला का, ते सगळं बघूनच खाली बसायचे. "आता बघून कुणाला कळवणार, आप्पा?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "कळवायचं न्हाई. पन गाडी जाताना मानसानं बसू न्हाई."

त्यांच्या घराचं आवार मोठं होतं. घर प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात आणि फाटक पार पुढं. मधली वाट लांबलचक. दारापासून सरळ नळापर्यंत जायची, तिथं वळायची, मग शेवग्याच्या झाडाखालून फाटकाला. निवृत्तीनंतर आप्पांनी या वाटेवर काँक्रीटचा कोबा करून घेतला होता आणि गवंड्याच्या मागं लागून तो थापलेल्या वडीसारखा गुळगुळीत करवला होता. त्याचा त्यांना भारी अभिमान. संध्याकाळी मालनमावशी याच वाटेनं फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. बाजारातून येणाऱ्या बाया, शाळेतून येणारी पोरं, दुधाची किटली घेतलेला कुणी, सगळ्यांशी दोन शब्द व्हायचे. तेवढा तास त्यांचा होता. त्या वेळी आप्पा त्यांना हाक मारत नसत.

मग मावशींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत यायचं नाही, आहे ते जपायचं. पण जपूनही राहिलं नाही. आधी कडांनी अंधार आला, मग मधलंही धूसर होत गेलं. मावशींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त संध्याकाळी फाटकाशी येणं कमी झालं.

एके दिवशी भर दुपारी मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर मावशी वाटेच्या मधोमध उभ्या. दोन्ही हात जरा पुढं केलेले, पाय जवळजवळ. ऊन असं पांढरं पडलं होतं की तो कोबाही हवेत तरंगल्यासारखा वाटत होता, आणि त्याच्यावर त्या एकट्याच. हलत नव्हत्या. मी धावत खाली गेले.

"मावशी, काय झालं?"

"बाई व्हय?" त्यांनी आवाजाकडे मान वळवली. "बाई, मी फाटकाकडं तोंड करून हाय का घराकडं?"

मी त्यांचा हात धरला आणि घरात आणून सोडलं.

त्यांचा मुलगा विलास लगेचच्या रविवारी आला. रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला, शिरूरला फ्लॅट. चांगला मुलगा. आईच्या पायाशी बसून म्हणाला, "आई, आता तुम्ही दोघं शिरूरला चला. लिफ्ट हाय, सगळं आतल्या आत हाय. तुला चालायचं कामच न्हाई पडणार."

"कामच न्हाई?" मावशी म्हणाल्या. मग हळूच, "आन् फाटक?"

"फ्लॅटला कसलं फाटक, आई?"

मी चहाचे कप घेऊन उभी होते. मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आप्पा भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "विलास, दिवाळीपातूर थांब."

"दिवाळीला काय होणार हाय?"

"दिवाळीला तू आलास की तुझी आई फाटक उघडंल. एकटी. न्हाई उघडलं, तर तू म्हनशील तिथं येतो."

विलासनं माझ्याकडं बघितलं. पण आप्पांनी एकदा ठरवलं म्हणजे ठरलं.

आप्पांचं म्हणणं असं होतं की चूक डोळ्यांची नाही, कोब्याची आहे. "बाई, ह्यो कोबा मुका हाय. इथून तिथून एकच लागतो. पायाला काय सांगतच न्हाई. त्याच्यावर दगड घालायचा. दारापाशी येगळा, नळापाशी येगळा, फाटकापाशी येगळा. आन् एक दगड, एक पाऊल. आंधळ्यानंबी जावं." बोलता बोलता त्यांना ती वाट दिसायला लागली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

दगड बघायला आम्ही हायवेला कासुर्डीच्या पुढं एका फरशीवाल्याकडे गेलो. आवारात फरश्यांच्या चवडी उभ्या, धूळ, कटरचा कर्कश आवाज. आप्पांनी सवयीप्रमाणे फरश्या वाजवायला सुरुवात केली. मावशी म्हणाल्या, "अवं, तुम्ही वाजवत बसा. मला उभं ऱ्हाऊ द्या." आणि चपला काढून, माझ्या खांद्याला धरून त्या एका जमिनीवर पसरलेल्या फरशीवर उभ्या राहिल्या. मग दुसरीवर. मग तिसरीवर. तिथला राजस्थानी मिस्त्री भैरू कटर बंद करून बघायलाच लागला. "अम्मा, पत्थर पैर से कौन देखता है?"

मावशी स्वतःशीच बोलत होत्या. शहाबादीवर उभ्या राहून म्हणाल्या, "ही गार हाय. घरात आल्यासारखं वाटतंय." पुढं एक पिवळट दगड होता, अंगावर बारीक लाटा उठलेला. त्याच्यावर त्यांनी पाय पुढंमागं घासला आणि हसल्या. "ह्यो नदीच्या पान्यागत हाय. ह्यो फाटकापाशी." शेवटी एका कोपऱ्यात काळा पाषाण होता, नुसता फोडलेला, खरबरीत. त्याच्यावर पाऊल टेकलं आणि मावशी तिथंच थांबल्या. डोळे मिटले. मावशींचं माहेर केंदूरचं, पूर्वी मेंढरं राखणारं घर. लहानपण सगळं माळावर गेलेलं. मग म्हणाल्या, "ह्यो आमच्या माळावरचा." फरशीवाला सांगायला लागला की काकू, तो माळावरचा नाही, खाणीतला आहे. आप्पांनी त्याला हातानंच गप्प केलं.

काळा उन्हात तापतो म्हणून तो शेवग्याच्या सावलीत घालायचं ठरलं. काम भैरूलाच दिलं. त्यानं कोब्याला छिन्नीनं टाचे मारले, म्हणजे नवा माल धरावा. वाट उंच होणार, फाटक खाली घासेल, असंही त्यानं आधीच बजावलं, तेव्हा आप्पांनी बिजागऱ्या वर घेऊन फाटक उचलून घेतलं. मग आप्पांनी चुन्यानं खुणा केल्या. एक दगड, मग पायाच्या बोटांना लागेल अशी खोलगट सांध, मग दुसरा दगड. दारापासून नळापर्यंतचा टप्पा आधी करायचा, तो जमला की पुढचा. दगड बसले, भैरू रोज पाणी मारत राहिला, आणि माल धरल्यावर एका सकाळी आप्पा त्या वाटेवरून डोळे मिटून चालले.

ते दृश्य मी विसरणार नाही. कोवळं ऊन होतं, शेवग्याची पांढरी फुलं ओल्या दगडांवर पडलेली, स्टेशनवरच्या घोषणा वाऱ्यावर अर्ध्यामुर्ध्या येत होत्या. आणि पांढऱ्या लेंग्यातला तो उंच म्हातारा मिटल्या डोळ्यांनी दारातून नळाकडे जात होता, नळापासून दाराकडे येत होता. कुठं अडखळणं नाही, चाचपडणं नाही. झोपेत चालावं तसं, पण चेहऱ्यावर हसू. गल्लीतली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. मलाही वाटलं, आपण जागे नाही आहोत, आणि जागं होऊच नये.

"लाइन क्लिअर," आप्पा म्हणाले. "मालन, ये."

मावशी आल्या. पहिलं पाऊल दगडावर पडलं. दुसरं सांधेत. तिसरं पुढच्या दगडाच्या कडेला ठेचाळलं. "पाय उचल," आप्पा म्हणाले. मावशींनी पाय उचलला, लांब टाकला, तोल गेला, आणि त्या दोन्ही हात टेकून वाटेवर बसल्याच. भैरू धावला. मावशींनी त्याला हातानं थांबवलं. रडल्या नाहीत. बसल्या बसल्या दगडावरून हात फिरवला, सांध चाचपली, पुढचा दगड चाचपला.

"अवं," त्या म्हणाल्या, "ही वाट तुमची हाय. माझी न्हाई."

आप्पांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी दगडांकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. रुळांखालच्या स्लीपरांचं अंतर त्यांच्या पायात इतकं मुरलेलं होतं की तेच माणसाचं पाऊल, असं ते धरून चालले होते. बायको जन्मभर मागं पळत होती, आणि आप्पांनी मागं कधी बघितलं नव्हतं. कुंपणाशी उभी असलेली माणसं हळूहळू निघून गेली. आप्पा शेवग्याच्या बुंध्याशी जाऊन बसले. मावशींनी दोनदा जेवायला बोलावलं, उठले नाहीत. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता आणि त्यांची दयाही आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्या दारात. "बाई, खडू हाय का?"

मी खडू घेऊन गेले. नळाच्या पुढचा कोबा अजून उघडाच होता. आप्पांनी मावशींना तिथं उभं केलं आणि म्हणाले, "चाल. बाई तुझ्या पावलामागं रेघ वढतील." मावशी चालल्या, पण भीत भीत, पाय घासत, बोटभर बोटभर. आप्पांनी मान हलवली. "हे भ्यालेलं पाऊल हाय. हे न्हाई पायजे." थोडा वेळ विचार करून त्यांनी आवाज बदलला. इतका हळू आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "मालन, केंदूरला मेंढरं घिऊन पान्यावर कशी जायचीस?"

"आता ते कशाला?"

"सांग की."

मावशी जरा वेळ उभ्या राहिल्या. मग डोळे मिटले. मिटून काही फरक पडत नव्हता, तरी मिटले. "वाड्यातून निघायचं," त्या म्हणाल्या, "वाडा म्हंजी मेंढरांचा, काट्याकुपाट्याचा. तिथून खाली. हितं बाभळ." आणि पाऊल पडलं. "हितं खडक, घसरायचं न्हाई. हितं आमचं कुत्रं वाट बघत बसायचं." पावलामागून पाऊल पडत गेलं, हलकं, जरा आत वळलेलं, तालावर. आवाजही बदलला होता, पोरसवदा झाला होता. मी गुडघ्यांवर रांगत मागं रेघा ओढत होते, आणि शपथेवर सांगते, मला त्या कोब्यावर मेंढरांचा वास आला. शेवग्याखाली आल्यावर त्या थांबल्या. "हितं थांबायचं. मेंढरं पुढं जाऊ द्यायची, सगळी. मग आपुन." त्या तिथंच उभ्या राहिल्या, काहीतरी जाऊ देत असल्यासारख्या.

आप्पांनी रेघांपाशी येऊन आपलं पाऊल ठेवलं. एका रेघेवर टाच, आणि पुढची रेघ जवळच. पुन्हा ठेवून बघितलं.

"एवढंच?" ते म्हणाले. "एवढंच पाऊल व्हतं हिचं. आन् मी जल्मभर म्हनत आलो, पाय उचल."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी खडू खाली ठेवला आणि नळाकडे बघत राहिले.

घातलेला टप्पा उखडायचा म्हटल्यावर भैरू भडकला. "पक्का काम कोई तोड़ता है क्या, बाबूजी?" पण आप्पांनी स्वतःच पहार हातात घेतली तेव्हा तोही आला. काही दगड फुटले. उरलेले कापून लहान केले. या वेळी चुन्याच्या खुणा माझ्या खडूच्या रेघांवरून झाल्या. दारापासून नळापर्यंत शहाबादी, वळणापासून शेवग्याखाली काळा पाषाण, पुढं फाटकापर्यंत तो लाटांचा दगड. आणि शेवग्याखाली, मावशी थांबल्या होत्या तिथं, आप्पांनी मधेच एक मोठा रुंद दगड घालायला लावला, दोन पावलं शेजारी शेजारी निवांत मावतील असा. भैरूनं विचारलं, इथंच मोठा का? आप्पा म्हणाले, "तुला न्हाई कळनार. घाल."

मावशी शेवग्यापर्यंत रोज चालू लागल्या. पुढचा तुकडा मात्र मागं पडला. भैरू सणाला गावी जायच्या आदल्या दिवशी तो कसाबसा पुरा झाला, आणि माल धरेपर्यंत त्याच्यावर पाय ठेवू द्यायचा नाही म्हणून आप्पा तिथं खुर्ची टाकून बसत.

त्या दिवाळीतच माझी बदली झाली. पुढं आप्पा गेल्याचं फोनवरच कळलं. मला जाता आलं नाही. म्हणून आप्पा म्हटले की मला पाडव्याची ती सकाळच आठवते. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

मी फराळाचं ताट घेऊन गेले होते. फाटकाबाहेर विलासची गाडी थांबली, हॉर्न वाजला. फाटकाला आतून कडी होती. मावशी चटईवरून उठल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मी जाते." आप्पा दारातल्या पायरीवर बसले होते. ते तिथंच वळले आणि वाटेकडे पाठ करून बसले, तोंड घराकडे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात मोकळे ठेवले असते तर धावले असते, एवढं मला दिसत होतं.

मावशी शहाबादीवरून गेल्या. वळण आपोआप घेतलं. विलासला फाटकाच्या गजांतून आई दिसली, तसा तो ओरडला, "आई, थांब, पडशील! मी येतो वरून उडी मारून!"

"विलास!" आप्पा पाठमोरेच गरजले. "हाय तिथं उभा ऱ्हा."

विलास जागीच थांबला. मावशी काळ्या दगडांवरून पावलं टाकत शेवग्याखाली आल्या आणि उभ्या राहिल्या. उभ्याच राहिल्या. पुढची वाट त्यांच्या पायाला अजून नवीन होती. विलासनं गज घट्ट धरले.

"थांबली?" आप्पांनी मला विचारलं.

"हो."

"शेवग्यापाशी?"

"हो, आप्पा. मी जाऊ का?"

"नगं. तिथं थांबतीच ती."

किती वेळ गेला कोण जाणे. मावशींनी मान थोडी वर केली, आणि एक पाय पुढं टाकला. लाटांच्या दगडावर तो टेकला. मग दुसरा. लहान लहान, आत वळलेली, तालावरची पावलं. आप्पा ती ऐकत होते. प्रत्येक पावलाला त्यांची हनुवटी किंचित खाली जात होती. मग लोखंडी कडी खणकन सरकली, आणि विलासचा रडका आवाज आला, "आई..."

"उघडलं?" आप्पा म्हणाले.

मी नुसती मान हलवली, आणि ते पाठमोरे असूनही त्यांना कळलं. मांड्यांखालचे हात त्यांनी काढले, चोळले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"विलासला म्हनावं, च्या पिऊन जा," ते म्हणाले, आणि वाटेकडे वळून न बघता चहा टाकायला आत गेले.